जत्रेच्या पत्रिकेवरून रोमन शिलालेख कसा वाचावा

अमळनेरला मी तीस वर्षं इतिहास शिकवला. रोमन प्रांतांतले उत्सव आणि सम्राटावरची निष्ठा हा विषय व्याख्या पाठ करून कळत नाही. त्यासाठी आधी आपल्या जत्रेची पत्रिका समोर घ्या. आमच्याकडे वैशाखात सखाराम महाराजांचा रथ निघतो, त्याची चालेल. तुमच्या गावची असेल तर उत्तम. लाल पेन्सिलीनं तीन ठिकाणी रेघ मारा: खर्च कोणाचा, मान कोणाचा, मिरवणुकीत कोण कुठे.

आता तीच पेन्सिल ओइनोआंडाच्या शिलालेखावर चालवा. हे आजच्या तुर्कस्तानातलं, तेव्हाच्या लिसिया प्रांतातलं डोंगरी शहर. इ.स. 124 मध्ये गायस युलियस डेमोस्थेनिस या तिथल्याच धनिकानं दर चार वर्षांनी भरणारा संगीत-नाट्य स्पर्धांचा उत्सव स्वतःच्या पैशानं बसवला. त्याला मंजुरी देणारं सम्राट हेड्रियनचं पत्र दगडावर कोरलंय. पैसा गावचा, मान्यता रोमची. पहिली रेघ झाली.

मानाच्या रेघेपाशी मात्र थांबा. उत्सवप्रमुखानं घालायच्या सोन्याच्या मुकुटावर दोन चेहरे उठावात काढलेले असत: एक हेड्रियनचा, दुसरा गावचं पिढीजात दैवत अपोलोचा. मी मुलांना हा मुकुट वहीत काढायला लावायचो. एका मुलीनं दोन्ही चेहरे अगदी सारखे काढले. विचारलं तर म्हणाली, "सर, देव तर यांचाच आहे. राजाला त्याच्या शेजारी बसवलंय." तिला विषय कळला होता. याला नुसती जबरदस्ती किंवा खुशामत म्हणू नका. आपल्या देवाचा मान जराही कमी न करता या लोकांनी सम्राटाला आपल्या उत्सवात जागा दिली.

मिरवणुकीत पांढऱ्या कपड्यांतली दहा माणसं सम्राटांच्या आणि अपोलोच्या प्रतिमा नेत. बळीचे बैल कोणी आणायचे याची यादीच आहे, आणि तिचा क्रम बघा: आधी उत्सवप्रमुख, मग सम्राटांची पूजा करणारे पुजारी आणि पुजारीण, त्यानंतर झ्यूस या ग्रीक देवाचा पुजारी. पुढे बाजाराचे, व्यायामशाळेचे, खजिन्याचे अधिकारी.

यादी मध्येच सोडू नका. शेवटी आसपासच्या खेड्यांची नावं येतात. त्यांनीही बैल आणायचे होते. तिथेही रेघ मारा, आणि आपल्या पत्रिकेत वाड्या-वस्त्यांची नावं कुठे छापलीत ते शोधा.