बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग: मी काय केलं

आमच्या वाघोलीच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचंच पाणी. नळ, शॉवर, बाथरूमच्या टाइल्स, सगळ्यांवर पांढरट थर. साबणाला फेस येत नाही, चहाच्या पातेल्यात तळाशी भुकटी बसते. नुसतं घासून हे निघत नाही, कारण तो मळ नसतोच. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी वाळलं किंवा तापलं की घट्ट बसतात. त्यांना आंबटच लागतं.

किराणा दुकानातून सायट्रिक अ‍ॅसिड आणलं. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. शॉवरचं तोंड काढून रात्रभर त्यात बुडवलं. पाण्यात टाकताच बारीक बुडबुडे सुटले, आणि सकाळी जुन्या ब्रशने हलकंच घासल्यावर बुजलेली भोकं मोकळी झाली. नळाला त्याच पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवलं, मग धुतलं.

दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगते. संगमरवर आणि कडप्प्याच्या ओट्यावर हे पाणी सांडू देऊ नका, पॉलिश जातं. आणि ब्लीचिंगच्या द्रावणात आम्ल कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

गीझरचा एलिमेंट इलेक्ट्रिशियनकडून साफ करून घेतला; त्यावर अंड्याच्या कवचासारखा थर होता. तापमान आता ५०-५५ अंशांवरच ठेवते, जास्त तापलं की क्षार जास्त बसतात. आणि अंघोळीनंतर वायपरने टाइल्स निपटायच्या, हे घरात सगळ्यांना लावून दिलंय.