इंटिजर प्रोग्रॅमिंगमध्ये संशोधन करताय? बिग-एम जपून वापरा

सोलापुरात राहून इंटिजर प्रोग्रॅमिंगमध्ये (अटी पाळून पूर्णांकांतच सर्वोत्तम उत्तर शोधायच्या गणितात) पीएचडी होते का, असं एमएस्सीची मुलं मला विचारतात. होते. माझी अजून चालू आहे, आणि अडलं ते कधीच गावामुळे अडलं नाही. स्किप आणि हायज हे सॉल्व्हर (असे प्रश्न सोडवणारी सॉफ्टवेअर) फुकट मिळतात, गुरोबी विद्यार्थ्यांना मोफत लायसन्स देतं, आणि एमआयपीलिब २०१७ या प्रश्नसंग्रहातले सॉल्व्हर तपासायचे २४० बेंचमार्क नमुने कुणालाही उतरवून घेता येतात. साधा लॅपटॉप सुरुवातीला पुरतो.

नरेंद्र करमरकरांच्या १९८४ च्या पद्धतीबद्दल ऐकून बरेच जण या विषयाकडे वळतात. ती पद्धत लिनिअर प्रोग्रॅमिंगची, म्हणजे जिथे उत्तरात अपूर्णांक चालतात. व्हेरिएबल पूर्णांकच हवेत म्हटलं की काम फार अवघड होतं. कार्प यांच्या १९७२ च्या २१ एनपी-कम्प्लीट (झटपट सोडवायची रीत आजवर न सापडलेल्या) प्रश्नांत ०-१ इंटिजर प्रोग्रॅमिंग आहेच. त्यामुळे मॉडेल रात्रभर चालूनही सुटलं नाही तर खचू नका. पण सगळं एनपीवर ढकलून मोकळंही होऊ नका. आधी स्वतःची मांडणी तपासा.

माझा अख्खा उन्हाळा मांडणीतल्या एका ओळीने खाल्ला, म्हणून ती नीट सांगतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना धरा. माग सुरू केला तरच त्यावर माल निघणार. सुरू असेल तर वाय १, बंद असेल तर ०. एक्स म्हणजे त्या मागावर दिवसात निघणारे टॉवेल. मग अट लिहायची: एक्स हा एम गुणिले वायपेक्षा जास्त नको. यातला एम हा मोठा आकडा म्हणजेच बिग-एम. तो किती? घाईत सगळे दहा लाख टाकतात.

आता माग सुरू करायचा खर्च ५०० रुपये आणि हवेत ४० टॉवेल, असं समजा. सॉल्व्हर आधी पूर्णांकाची अट सैल करून पाहतो. एम दहा लाख असेल तर त्याला वाय ०.००००४ पुरतो, म्हणजे खर्च दोन पैसे! या खालच्या मर्यादेला काही अर्थच नाही; गॅप (ही मर्यादा आणि हाती आलेलं उत्तर यांतलं अंतर) हलत नाही, शोधाचं झाड वाढतच जातं. मागाची खरी क्षमता ८० टॉवेल आहे, तर एम ८० घ्या. वाय ०.५ होतो आणि मर्यादा २५० रुपयांवर येते.

दुसरा धोका जास्त वाईट, कारण तो दिसत नाही. बऱ्याच सॉल्व्हरमध्ये पूर्णांकाची सूट ०.००००१ च्या आसपास असते. तेवढा वाय शून्यच धरला जातो. दहा लाखाने गुणा: ‘बंद’ मागावर १० टॉवेल विणले गेले, आणि वर उत्तर ‘ऑप्टिमल’. प्रत्येक अटीचा एम वेगळा काढा, डेटातून काढा. इंडिकेटर कन्स्ट्रेंट (‘वाय ० तर एक्स ०’ अशी थेट अट) वापरलात तरी एक्सची वरची मर्यादा द्याच. हे जमतं, कागदावर अर्ध्या तासाचं काम आहे.

जेनेटिक अल्गोरिदमने (उत्तरांची सरमिसळ करत चांगलं उत्तर शोधायच्या पद्धतीने) पेपर लवकर निघतो म्हणून सगळे त्यामागे लागतात. मला ते पटत नाही. हाती आलेलं उत्तर सर्वोत्तमापासून किती लांब आहे, हे तो सांगत नाही. ब्रँच अँड बाउंड, म्हणजे प्रश्नाच्या फांद्या पाडत प्रत्येकीची मर्यादा तपासणं, ते सांगतं. एल्सा लँड आणि अ‍ॅलिसन डॉइग या दोघींनी १९६० साली ते मांडलं.

गाईड निवडताना त्यांचे पेपर मोजत बसू नका. सॉल्व्हरचा लॉग (तो चालताना छापतो ती नोंद) तुमच्याशेजारी बसून ओळ न् ओळ वाचणारे सर किंवा मॅडम मिळाले तर विषय थोडा बदलावा लागला तरी चालेल.

आणि ‘माझी पद्धत दुप्पट वेगवान’ असं एका रनवरून लिहू नका. नुसता रँडम सीड (सॉल्व्हरच्या यादृच्छिक निवडी ठरवणारा सुरुवातीचा आकडा) बदलला तरी वेळ तेवढा हलू शकतो. अनेक सीडवर, अनेक नमुन्यांवर चालवा आणि शिफ्टेड जिओमेट्रिक मीन (प्रत्येक वेळेत ठरावीक आकडा मिळवून काढलेली आणि शेवटी तो वजा केलेली भूमितीय सरासरी) द्या. रेफरी सगळ्यात आधी तेच विचारतात.