उद्या लागेल म्हणून आज लिहिलेला कोड: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दोन फंक्शनमधल्या दहा ओळी सारख्या दिसल्या की लगेच त्यांचं एक 'कॉमन' फंक्शन करणं. बिलिंगच्या कोडमध्ये हे हमखास होतं. विक्रीचं बिल आणि क्रेडिट नोट (माल परत आला किंवा बिल कमी झालं की द्यायचा कागद), दोन्हीकडे हिशेब सारखाच: राज्यातल्या राज्यात सीजीएसटी ९ टक्के आणि एसजीएसटी ९ टक्के, राज्याबाहेर आयजीएसटी १८. झालं, दोघांचं मिळून एक फंक्शन. पुढे बिलाची बेरीज पूर्ण रुपयांत हवी असते, क्रेडिट नोटची पैशांसकट. फंक्शनला एक बूलियन, म्हणजे ट्रू किंवा फॉल्स असा पर्याय, वाढतो. एक्स्पोर्टचं बिल आलं की दुसरा. पाच बूलियन म्हणजे ३२ वाटा, आणि टेस्ट जेमतेम चार. बिलाचं राउंडिंग दुरुस्त करायला जावं तर क्रेडिट नोट काही पैशांनी चुकते, आणि ते कळतं थेट जीएसटी रिटर्न भरताना. कॉलच्या ओळीत नुसतं 'ट्रू, फॉल्स, फॉल्स, ट्रू, फॉल्स'. कुठला कशाचा, हे फंक्शन उघडल्याशिवाय सांगता येत नाही.

अशा फंक्शनला सहावा बूलियन जोडू नका, आधी ते मोडा. इंटेलिजे या कोड लिहायच्या आयडीईमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एन दाबून कोड प्रत्येक कॉलच्या जागी परत आणा आणि तिथे कधीच न चालणारे इफ उडवा. मागे जे खरंच सारखं उरेल तेवढंच वेगळं काढा. नव्या कोडमध्ये तिसऱ्यांदा तेच लिहायची वेळ येईपर्यंत खुशाल कॉपी-पेस्ट करा. कराचा दर मात्र पहिल्या दिवसापासून एकाच जागी हवा. दर हा खरा नियम आहे. दहा ओळींचं साम्य बहुतेक वेळा योगायोग असतो.

जावामध्ये प्रत्येक सर्व्हिसला एक इंटरफेस (नुसती मेथडची यादी) आणि त्याखाली एकुलता एक 'इम्प्ल', म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा क्लास. ही सवय जुन्या स्प्रिंगची, म्हणजे जावाच्या त्या फ्रेमवर्कची. तेव्हा प्रॉक्सीसाठी, म्हणजे क्लासच्या पुढे स्प्रिंग उभा करतं त्या मध्यस्थासाठी, सहसा इंटरफेस लागायचा. स्प्रिंग बूट २ पासून साध्या क्लासचीच प्रॉक्सी बनते, आणि टेस्टची लायब्ररी मोकिटो साध्या क्लासचीही नकली प्रत (मॉक) बनवते. 'टेस्टसाठी लागतो' हे कारण आता चालत नाही. दुसरा इम्प्लिमेंटेशन लिहायला बसाल तेव्हा इंटरफेस तयार करा, आयडीईला दोन मिनिटं लागतात.

डेटाबेस कधीतरी बदलेल म्हणून ओआरएमवर (डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीवर) आणखी एक थर नको.

तिघांच्या टीमला मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे एकाच ॲपचे वेगवेगळे चालणारे छोटे तुकडे, नकोत.

ज्याची किंमत कधीच बदललेली नाही ते कॉन्फिगमधून (सेटिंगच्या फाइलमधून) काढून कोडमध्ये लिहा.

आणि उडवलेला कोड कॉमेंट करून ठेवू नका, गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जुन्या आवृत्त्यांच्या नोंदीत, तो आहेच.