वाघाचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला आणि वाघच गायब झाला, या चुका टाळा

मे महिन्यात ताडोब्याला गेलो होतो, मोहर्ली गेट, सकाळची सफारी, आणि वाघीण दिसली ती नऊ वाजून गेल्यावर, म्हणजे ऊन चांगलंच चढलेलं आणि बाईसाहेब वाळलेल्या बांबूत बसलेल्या. घरी येऊन फोटो उघडले तर सगळं भुरकट, रंगात काही दमच नाही, मग म्हटलं जाऊ दे, ब्लॅक अँड व्हाइट करून टाकू, क्लासिक वाटेल. सॅच्युरेशन उणे 100, कॉन्ट्रास्ट जरा चढवला आणि दिला फॅमिली ग्रुपवर टाकून. मामांचा रिप्लाय आला, "छान आहे रे, पण यात बघायचं काय?" आणि त्याखाली मामी, "तरस आहे का?"

राग आला तेव्हा, पण मामी बरोबर होत्या. कलर फोटोत वाघ जंगलापासून वेगळा दिसतो तो मुख्यतः रंगामुळे, उजेडामुळे नाही. त्याचा केशरी आणि मागचा हिरवा किंवा पिवळा हे रंग म्हणून एकदम वेगळे असले तरी दोन्हींची उजळी जवळपास सारखीच निघते, मग रंग काढला की हातात उरतो करड्यावर करडा. चितळ-सांबराला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यांना वाघ हिरवटच दिसतो, म्हणून तर एवढं भडक जनावर गवतात बसून शिकार करू शकतं. आपण सॅच्युरेशन शून्य करतो म्हणजे बघणाऱ्याला चितळ करून टाकतो, दुसरं काही नाही.

म्हणून पहिली गोष्ट, सॅच्युरेशनचा स्लायडर या कामाला वापरायचाच नाही. लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) ब्लॅक अँड व्हाइटवर क्लिक केलं (किंवा व्ही दाबलं) की मिक्सरमध्ये आठ रंगांचे आठ स्लायडर येतात, आणि खरं काम तिथे आहे. केशरी थोडा वर, हिरवा खाली, की वाघ उजळतो आणि मागची झाडी गडद होते. मोबाइलवर स्नॅपसीड वापरत असाल तर त्याच्या ब्लॅक अँड व्हाइट टूलमध्ये रंगीत फिल्टर आहेत, तिथे लाल आणि हिरवा असे दोन्ही लावून बघा, एकाच फोटोचे दोन वेगळे फोटो होतात.

पण इथेच मेची गंमत आहे, ती मला दोन वर्षांनी कळली. ऑक्टोबरमध्ये पार्क उघडल्या उघडल्या गेलात तर मागे हिरवंगार असतं आणि हे स्लायडर जादूसारखे चालतात. उन्हाळ्यात मात्र बांबू पिवळा, सागाची पानं खाली पडून तांबूस, जमीन तांबूस आणि वाघही त्याच घराण्यातला, त्यामुळे केशरी वर नेला की वाघाबरोबर सगळं जंगल वर येतं. तिथे मिक्सरशी मारामारी करत बसू नका. मिक्सर साधारण मधेच ठेवायचा, सब्जेक्टचा मास्क घ्यायचा (म्हणजे फक्त वाघ निवडायचा), तो उलटा करून बॅकग्राउंडचं एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) उतरवायचं, बास. मास्कची कड कानाजवळ आणि मिशांजवळ झूम करून नक्की तपासा, कारण तिथेच तो हमखास चुकतो आणि मिशांभोवती गवताचा उजळ तुकडा राहून जातो.

केशरी स्लायडर दोन्ही बाजूंनी फसवतो. खाली खेचला तर अंग एवढं गडद होतं की काळे पट्टे त्यात बुडतात आणि वाघाचा ब्लॅक पँथर होतो. फार वर नेला तर पट्टे छान उठतात, पण गालांचा आणि डोळ्यांवरचा पांढरा भाग अंगाच्या रंगात मिसळतो आणि चेहरा सपाट होऊन जातो. मी डोळ्यावरचा तो पांढरा ठिपका बघत बघत स्लायडर हलवतो, ठिपका वेगळा दिसायचा थांबला की दोन पावलं मागे.

आता लोक जी चूक सगळ्यात प्रेमाने करतात ती, क्लॅरिटी, म्हणजे मधल्या छटांचा कॉन्ट्रास्ट वाढवणारा स्लायडर. ब्लॅक अँड व्हाइट म्हणजे ड्रामा असं डोक्यात बसलेलं असतं, मग क्लॅरिटी 60, टेक्स्चर 50, वरून डीहेझ (धुरकटपणा काढणारा), आणि बिबट्याची फर भांडी घासायच्या काथ्यासारखी दिसायला लागते, शिवाय पाठीच्या कडेने एक उजळ रेघ. कलरमध्ये हे थोडं लपून जातं, इथे लपायला जागाच नाही. जिथे टेक्स्चर हवंय तिथेच ब्रशने द्या, चेहऱ्याला, हत्ती असेल तर सोंडेच्या सुरकुत्यांना. बॅकग्राउंडला तर क्लॅरिटी उलट थोडी कमीच करा. नॉइजची मात्र एवढी धास्ती घेऊ नका, रंगीत ठिपक्यांचा नॉइज रंग गेला की जवळपास गायबच होतो आणि उरतो तो दाणेदार, फिल्मसारखा, तो चालतो. डीनॉइज फुल मारून प्लास्टिकचा वाघ करण्यापेक्षा आयएसओ 6400 चा दाणा कधीही बरा.

भिगवणच्या फ्लेमिंगोंचं दुखणं वेगळंच. उडताना पंखाचा गुलाबी-लाल भाग आणि पिसांची काळी किनार, मागे निळं आकाश, कलरमध्ये काय मस्त दिसतं, आणि ब्लॅक अँड व्हाइट केलं की मला आकाश काळंभोर हवं असायचं म्हणून निळा सरळ उणे 80. मोबाइलवर भारी वाटलं, मॉनिटरवर उघडलं तर आकाशात दाणे, पट्टे, आणि प्रत्येक पक्ष्याभोवती पांढरी बारीक रेघ, कात्रीने कापून चिकटवल्यासारखी. ती रेघ येते कारण कडेच्या पिक्सेलमध्ये पक्षी आणि आकाश दोघांचा रंग मिसळलेला असतो, तो काही निळा म्हणून पकडला जात नाही, त्यामुळे आकाश गडद होतं आणि तो तसाच मागे राहतो. उणे 25-30 पर्यंत थांबा आणि बाकीचं काम आकाशाच्या मास्कने करा. आणि जेपेगवर हे प्रयोग करूच नका, तिथे प्रत्येक चॅनलला 256 पायऱ्या मिळतात, 14 बिट रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) 16384, पट्टे का पडतात ते यात आलं. सकाळच्या धुक्यात आकाश मुळातच करडं असेल तर निळा स्लायडर कितीही ओढा, काही होत नाही, तो बिघडलेला नाहीये!

गवा आणि अस्वल हे दोघं ब्लॅक अँड व्हाइटसाठी सुंदर, पण त्यांचा काळा ठोकळा होतो. ब्लॅक्सचा स्लायडर ओढताना ऑल्ट दाबून ठेवा, कुठे डिटेल मरतंय ते स्क्रीनवर दिसतं. गव्याच्या पोटाखाली थोडं मेलं तर चालेल, खांद्याच्या स्नायूवर मरता कामा नये आणि डोळा तर अजिबातच नाही. डोळ्यात चमक नसेल तर मी तो फोटो सोडूनच देतो.

सोडून देण्यावरून आठवलं, नीळकंठ, खंड्या, मोर यांना कशाला हात लावायचा? नीळकंठाचं अर्धं काम त्याचा निळाच करतो. आणि माझ्या त्या मेच्या वाघिणीसारखे, उन्हात जळालेले फोटो ब्लॅक अँड व्हाइटने वाचत नाहीत, कडक सावल्या रंग काढल्यावर आणखीच बोचतात. मागून ऊन आलेलं चितळ, धुळीतले गवे, धुक्यातलं तळं, असलं काही असेल तर करा. कॅमेऱ्यात मोनोक्रोम मोड लावून रॉ शूट केलं तर स्क्रीनवर जागीच कळतं की आकार उठतोय की नाही, आणि रॉ मध्ये रंग शाबूत राहतो. फक्त जेपेगवर असाल तर रंग गेला तो गेलाच, हे मित्राच्या बाबतीत घडलंय, आख्खी ट्रिप.

स्पर्धेला पाठवणार असाल तर अजून एक. फियाप, पीएसए आणि आरपीएस या फोटोग्राफीच्या मोठ्या संस्थांनी 2014 मध्ये मिळून नेचर विभागाची जी व्याख्या ठरवली तिच्यात कलरचं ग्रेस्केल करायला परवानगी आहे, पण इन्फ्रारेड नको. हिरवा स्लायडर पूर्ण वर नेऊन झाडं बर्फासारखी पांढरी केलीत तर ते इन्फ्रारेडच वाटतं, आणि खरं सांगायचं तर दिसतंही वाईट, कारण नजर वाघ सोडून झाडावर जाते. बाकी फोटो करडा आणि डोळे तेवढे पिवळे ठेवायचा प्रकार मोनोक्रोममध्ये धरत नाहीत, तो कलरच.

शेवटचं प्रिंटचं. घरी मॉनिटर फुल ब्राइटनेसवर ठेवून एडिट केलं की प्रिंट हमखास काळपट येते, तेव्हा ब्राइटनेस खाली आणा आणि आधी छोटी, पोस्टकार्ड साइजची टेस्ट काढा, ती खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बघा. कलर प्रिंटरवर करड्यात हिरवट किंवा गुलाबी झाक येते तीही तिथेच दिसते. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर कॉम्प्रेशनमध्ये आकाशाच्या पट्ट्या होतात आणि परत मामींचा मेसेज येतो.