वय झालेल्या बॉक्सरचं कमबॅक: या चुका टाळा, आणि आरशाचं तर अजिबात ऐकू नका

दोन फोटो डोळ्यासमोर आणा. पहिला ऑक्टोबर 1980 चा, लास वेगास, मुहम्मद अली तेव्हाचा चॅम्पियन लॅरी होम्सपुढे उभा आहे. वय 38, पोट सपाट, केस काळेभोर (रंगवलेले), वजन साडे 217 पाउंड म्हणजे साधारण 98-99 किलो, किन्शासात जॉर्ज फोरमनला पाडलं तेव्हा होतं जवळजवळ तेवढंच. दुसरा मार्च 1987 चा, सॅक्रामेंटो, तोच फोरमन, दहा वर्षं रिंगपासून लांब, डोक्यावर केस नाहीत, पोट पट्ट्याच्या वर आलेलं, वजन 267 पाउंड म्हणजे 121 किलो. नुसते फोटो बघून कोणावर पैसे लावाल? मी तरी अलीवरच लावले असते.

अलीला त्या रात्री तिन्ही जजनी मिळून एकही राउंड दिला नाही. दहाव्या राउंडनंतर त्याच्या कोपऱ्यातल्या कोचने, अँजेलो डंडीनेच बाउट थांबवली. आणि ज्याच्या पोटावर लोक जोक करत होते तो फोरमन 1994 मधे 45 व्या वर्षी परत हेवीवेट चॅम्पियन झाला.

पस्तिशी-चाळिशी ओलांडून परत ग्लोव्ज घालणाऱ्याची पहिली आणि सगळ्यात महाग चूक हीच, की वजन उतरलं म्हणजे फॉर्म आला. अली दोन वर्षांत चांगलाच सुटला होता, तो थोड्या महिन्यांत उतरला, त्यात वजन कमी करायला थायरॉइडच्या गोळ्या घेतल्या, ज्याने हृदयाचे ठोके वाढतात, अंगातलं पाणी जातं आणि चरबीबरोबर स्नायूही झडतो, आणि मग वाळवंटातल्या गरमीत उघड्यावर रिंग. दिसायला हिरो, आत टाकी रिकामी. त्याच्या सत्तर वर्षं आधीचा निवृत्त चॅम्पियन जिम जेफ्रीज बघा. काळा चॅम्पियन नको या गोऱ्यांच्या हट्टापायी त्याला शेतावरून उठवून आणला, त्याने जवळपास 45 किलो उतरवले, 4 जुलै 1910 ला रेनोमधे जॅक जॉन्सनसमोर उभा राहिला आणि ज्याला आयुष्यात कोणी खाली पाडलं नव्हतं तो 15 व्या राउंडमधे दोरांना लटकत होता.

त्यामुळे काटा रोज बघू नका, राउंड बघा. बॅगवर तीन मिनिटांचे सहा राउंड मारा, मधे एकेक मिनिट ब्रेक, मोबाइल समोर उभा करून शूट करा आणि पहिल्या आणि सहाव्या राउंडमधले पंच मोजा. सहाव्यात निम्मे भरले तर तुमचं वजन कितीही छान असो, तुम्ही रेडी नाही. बस एवढीच टेस्ट, फुकट आहे.

आता पॅडची (कोच हातात धरतो ती गादी, तिच्यावर पंच मारायचे) फसवणूक. पॅडवर सगळेच टायसन वाटतात, कारण पॅड कुठे येणार ते कोच ठरवतो आणि पॅड उलटा मारत नाही (मारला तरी हळू). टायसनच्या ट्रेनिंगच्या दहा दहा सेकंदांच्या क्लिप 2024 मधे सगळ्यांनी फॉरवर्ड केल्या, मी पण केल्या, 58 व्या वर्षी काय स्पीड वगैरे. शेवटची प्रोफेशनल बाउट 2005 ची, मधेच अल्सरचा त्रास होऊन तारीख जुलैवरून नोव्हेंबरवर गेली, गुडघ्याला पट्टा. राउंड दोन-दोन मिनिटांचे आठच, ग्लोव्ज 14 औंसाचे, तरी यूट्यूबवरून बॉक्सिंगमधे आलेल्या जेक पॉलविरुद्ध पूर्ण 16 मिनिटांत त्याने 97 पंच टाकले आणि लागले 18. क्लिपमधला स्पीड खोटा नव्हता हो, पण तो दहा सेकंदांचाच होता.

वयात आधी काय जातं म्हणाल तर ताकद नाही, टायमिंग जातं. आणि हे स्वतःला कळत नाही हीच गंमत. मी काही चॅम्पियन बिंपियन नाही, कॉलेजात इंटर युनिव्हर्सिटीपर्यंत खेळलेलो, सतरा वर्षांच्या गॅपनंतर 41 व्या वर्षी परत गेलो, दोन महिने पॅड आणि शॅडो (एकट्याने हवेत पंच मारणं) केली आणि वाटायला लागलं की अरे आपण तर तसेच आहोत. पहिलं स्पारिंग (सरावाची बाउट) एका एकोणीस वर्षांच्या पोराशी. पोरगा आधी पाया पडला, मग नाकावर जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच). सांगायचं हे की तो जॅब मला दिसला होता. खांदा हलला ते दिसलं, हात सुटला ते दिसलं, कुठे येणार ते पण कळलं, आणि माझं डोकं तिथेच. तीनदा तेच. कोपऱ्यातून सर ओरडले, "काका, बघत काय बसलात, पिक्चर आहे का!" डोळ्याने बघितलेलं पायापर्यंत पोचायला जो वेळ लागतो ना तो वाढलेला असतो, आणि पॅडवर तो मोजलाच जात नाही. याला उपाय बॅग नाही, माणूसच लागतो: आधी दोन-तीन आठवडे समोरचा फक्त जॅब मारणार आणि तुम्ही फक्त चुकवणार, मग फक्त बॉडी स्पारिंग (डोक्याला न मारता), मग पूर्ण. समोरच्याला आधीच सांगा की जोर नको. आणि पोरं मान देतात म्हणून हळू मारतात, त्यावर स्वतःला पास करू नका.

बाकी तक्रारी पटकन सांगतो. पोटरी आणि टाच दुखतेय तर स्किपिंग एकदम वाढवलंय, दम पटकन परत येतो पण शिरा-सांधे सावकाश येतात, आधी दोन-दोन मिनिटांनी सुरू करा. मनगट दुखतंय तर बँडेज घाईत बांधताय आणि हेवी बॅगवर फुल पॉवर मारताय. तिसऱ्या राउंडला हात खाली येतायत तर खांद्याला दोष देऊ नका, बहुतेक वेळा श्वास रोखून मारत असता. स्पारिंगनंतर डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय तर मात्र घरगुती उपाय नको, सरळ डॉक्टरकडे आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत स्पारिंग बंद. इथे मर्दानगी दाखवू नका प्लीज.

आता घाई. हेवीवेट चॅम्पियन जो लुई निवृत्त झाला 1949 ला, डोक्यावर इन्कम टॅक्सचं कर्ज, म्हणून 1950 मधे परत आला आणि पहिलीच बाउट थेट एझर्ड चार्ल्सशी, चॅम्पियनशिपसाठी. 15 राउंड हरला. पुढच्या वर्षी रॉकी मार्सियानोने आठव्या राउंडमधे झोपवलं. देणं फेडायला परत येणाऱ्याला सोपी बाउट परवडत नाही, सगळी गोची तिथे असते. उलट फोरमन बघा, बहुतेक लहान लहान गावांत, बहुतेक नाव न ऐकलेल्या लोकांशी, एकामागोमाग 24 बाउट जिंकला आणि तेव्हा कुठे 1991 ला चॅम्पियन होलीफिल्डसमोर गेला. तिथे पॉइंट्सवर हरला, पण पूर्ण 12 राउंड उभा राहून.

आपल्याकडचं बघायचं तर मेरी कोम. 2007 मधे जुळी मुलं झाली, दोन वर्षांच्या ब्रेकनंतर 2008 मधे आधी गुवाहाटीच्या एशियन चॅम्पियनशिपमधे सिल्व्हर आणि मग त्याच वर्षी निंगबोला वर्ल्ड्सचं गोल्ड. ते सिल्व्हर मला फार मोलाचं वाटतं, गंज तिथे निघाला. आणि विजेंदर? प्रोफेशनल झाल्यावर 12 पैकी 12 जिंकलेला, मधे लॉकडाउन, नोव्हेंबर 2019 नंतर थेट मार्च 2021 ला पणजीत कॅसिनोच्या जहाजाच्या डेकवर रिंग लावलेली, 35 वर्षांचा विजेंदर आणि समोर 26 वर्षांचा सहा फूट चार इंची रशियन आर्टिश लोप्सान. पाचव्या राउंडमधे संपलं, प्रोफेशनलमधला पहिला पराभव. सोळा महिन्यांचा गॅप आणि पहिलाच गडी तरुण आणि आपल्यापेक्षा चांगला उंच, दोन्ही एकदम घ्यायचं नसतं राव. (पुढच्या वर्षी रायपूरला त्याने दुसऱ्याच राउंडमधे समोरच्याला पाडला, म्हणजे संपला नव्हता.)

हां, शुगर रे लेनर्डचं उदाहरण कोणीतरी देणारच, की पाच वर्षांत एकच बाउट खेळून 1987 ला मिडलवेट चॅम्पियन हॅगलरला हरवलं. हो, पण ती एक बाउट आठवा: 1984, केव्हिन हॉवर्डने त्याला करिअरमधे पहिल्यांदा खाली पाडलं, आणि जिंकूनही हा गडी त्याच रात्री निवृत्त झाला. हॅगलरच्या आधी त्याने बंद दाराआड खऱ्यासारख्या बाउट खेळून घेतल्या होत्या. आणि 1997 ला चाळिसाव्या वर्षी परत आला तेव्हा कामाचोने पाचव्या राउंडमधेच संपवलं.

शेवटची चूक म्हणजे जुनाच गेम खेळणं. 1974 चा फोरमन प्रत्येक पंच भिंत पाडायला मारायचा आणि आठव्या राउंडपर्यंत त्याचाच दम गेला. परत आलेला फोरमन वेगळाच माणूस. हात छातीपुढे आडवे घातलेला गार्ड, लांब जॅब, पाय जेमतेम हलतायत, आणि दोन राउंडच्या मधे स्टुलावर बसायचाच नाही, कोपऱ्यात उभा. 1994 च्या त्या चॅम्पियनशिपच्या बाउटमधे चॅम्पियन मूररविरुद्ध नऊ राउंड तो तिन्ही जजच्या कार्डांवर मागे होता. मूरर 26 वर्षांचा, डावखुरा, आणि डावखुऱ्याला सरळ राइट लागतो म्हणून हा फक्त त्याला एका जागी उभा करत राहिला. दहाव्यात जॅब, मागोमाग छोटा राइट हनुवटीवर, लांबून वाटावं की काही झालंच नाही, आणि मूरर पाठीवर. कोपऱ्यात कोण होतं माहितीये? अँजेलो डंडी, 1974 मधे जो अलीच्या कोपऱ्यात होता तोच. आणि फोरमनच्या अंगावर त्याच वेळची लाल शॉर्ट्स.

फोरमनचं हे उभं राहणं वाचून मी पण मागच्या महिन्यात दोन राउंडच्या मधे उभं राहून बघितलं. पहिल्या ब्रेकला जमलं. दुसऱ्याला स्टूल मागितलं, ते त्याच पोराने आणून दिलं.