व्हॅलेंटाइनचा गुलाब आणि पॉलिहाऊसमधली रात्रीची ओल

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पिंचिंग (शेंडे खुडणं) उरकलं की मावळातला गुलाब उत्पादक दिवस मोजायला लागतो. २५ जानेवारीच्या सुमारास व्हॅलेंटाइनच्या निर्यातीची तोड सुरू व्हायला हवी, म्हणून खत, पाणी, डिसबडिंग (बाजूच्या कळ्या काढणं) सगळं वेळच्या वेळी होतं. बुरशीकडे मात्र ती दिसल्यावरच लक्ष जातं. आणि दिसली की पहिला फोन औषधाच्या दुकानात. या दिवसांत बुरशीला आमंत्रण मिळतं ते रात्रीच्या दमट हवेतून, त्यामुळे कामाची सुरुवातही तिथूनच करावी.

दुपारी हाऊसमध्ये २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर कोणाला काही वावगं वाटत नाही. पण तीच हवा पहाटे १६-१७ अंशांपर्यंत थंड झाली की पाण्याचा एक थेंबही न वाढता तिची आर्द्रता १०० टक्क्यांवर जाते आणि प्लास्टिकवर, पानांवर, कळ्यांवर दव धरतं. जानेवारीत मावळात पहाटेचा पारा याच्याही खाली उतरतो. त्यात झाडं रात्रीही थोडा ओलावा सोडत असतात, बेडमधून वाफ येत असते. पडदे घट्ट बंद असले तर हे सगळं आतच कोंडतं.

आपल्याकडे सवय अशी की पाच वाजले, गारवा वाटला, की चारी बाजूंचे पडदे खाली. त्याऐवजी सूर्य मावळण्याआधी अर्धा तास पडदे उघडे ठेवून दिवसभराची दमट हवा बाहेर जाऊ द्यावी, मग खाली घ्यावेत. तेव्हाही वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला वीतभर फट राहू द्यावी. वरचा व्हेंट झाकलेला असेल तर मोकळा करावा. काही जण थंडीच्या धास्तीने तिथेही शेडनेट बांधतात. त्याने ऊब फारशी टिकत नाही, ओल मात्र अडकते.

सकाळची वेळ जास्त नाजूक. ऊन आलं की हवा पटकन तापते, पण पाण्याने भरलेली जाड कळी थंडच राहते आणि तापलेल्या हवेतला ओलावा तिच्यावर धरतो. म्हणून दहा वाजेपर्यंत वाट न पाहता पहिल्या उन्हाबरोबर पडदे थोडे थोडे वर घ्यावेत. बाहेर दाट धुकं असेल त्या दिवशी मात्र घाई नको, कारण बाहेरची हवाही तितकीच ओली असते. अशा वेळी आतली हवा हलती ठेवणारे पंखे असतील तर तेच लावावेत.

आर्द्रतामापक दारापाशी खांबाला टांगून उपयोग नाही. एक कळीच्या उंचीवर आणि एक खाली, बेंडिंग केलेल्या म्हणजे वाकवलेल्या फांद्यांच्या गर्दीत लावा. दोन्हीवर ऊन पडू देऊ नका. सकाळी सहा वाजता दोन्ही आकडे वाचले की खालची हवा वरच्यापेक्षा किती दमट आहे ते कळेल. त्या गर्दीत हात घालून पाहा: पिवळी पाने, गळलेल्या पाकळ्या, मागच्या तोडीच्या उरलेल्या कळ्या, सगळं चिकट आणि ओलं. करडी बुरशी आधी याच कचऱ्यावर वाढते आणि तिथून तिचे बीजाणू हवेने वर जातात. आठवड्यातून दोनदा हा कचरा पिशवीत भरून हाऊसबाहेर नेऊन पुरावा. दोन बेडमधल्या वाटेत ढीग करून ठेवणं म्हणजे काहीच न केल्यासारखं. तोडताना सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) फुटव्याच्या डोळ्याच्या अगदी वर कापावं. दोन इंचांचा खुंट राहिला की तो वाळतो, कुजतो आणि रोग खाली फांदीत उतरतो.

ठिबक सकाळीच संपवावं. दुपारी दोननंतर पाणी नको, आणि फॉगरला (पाण्याचं धुकं सोडणाऱ्या यंत्रणेला) तर या दिवसांत दुपारनंतर हातच लावू नये.

एवढं करूनही रोग दिसला तर आधी तो कोणता ते ठरवा, कारण भुरी, केवडा आणि करडी बुरशी या तिघांची औषधं वेगळी आहेत. भुरी सगळ्यांना ओळखता येते: कोवळी पाने वाकडी, लालसर, त्यावर आणि कळीखालच्या देठावर पांढरी पिठी. तिला पानावर पाणी लागत नाही. दिवसा कोरडी ऊब आणि रात्री गार दमटपणा तिला पुरतो. म्हणूनच ‘पान तर कोरडं होतं, मग रोग आला कुठून’ हा प्रश्न पडतो. केवडा म्हणजे डाऊनी फसवतो. पानावर जांभळट-तपकिरी वेडेवाकडे डाग येतात, ते बऱ्याचदा शिरांनी अडवलेले असतात, आणि अनेक जण ते औषधाचा चटका किंवा अन्नद्रव्याची कमतरता समजून सोडून देतात. पुढच्या काही दिवसांत पानगळ होते आणि फांद्या उघड्या पडतात. शंका आली तर भल्या सकाळी, दव असतानाच पान उलटं करून भिंगाखाली पाहा. डागामागे विरळ राखाडी लव दिसते. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर आणि तापमान १८ अंशांच्या आसपास असलं की त्याचं फावतं. तिसरी करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस. ती पाकळीवर आधी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके देते, मग कडेने तपकिरी कुज आणि शेवटी राखाडी लव. टॉप सीक्रेट वाणाच्या गडद लालवर हे ठिपके पटकन दिसत नाहीत, ॲव्हलांच वाणाच्या पांढऱ्यावर लगेच दिसतात. त्यामुळे पाहणी नेहमी पांढऱ्या वाणापासून सुरू करावी.

कळी मोठी व्हावी म्हणून चढवलेल्या जाळीबद्दल थोडं. जाळी ओली राहिली की कळीभोवती ओल धरून ठेवते. ती कोरड्या कळीवरच चढवा, आणि मागच्या हंगामाची जाळी वापरायची असेल तर सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवून, धुऊन, वाळवून घ्या. ज्या बेडमध्ये ठिपके दिसले तिथे तर जाळी नकोच.

आता फवारणी. गंधक भुरीवर चालतं, केवड्यावर नाही. मेटॅलॅक्झिल केवड्यासाठी आहे, ते भुरीवर किंवा करड्या बुरशीवर मारून पैसे वाया जातात. कार्बेन्डाझिमला न जुमानणारी बोट्रायटिस जगभर सापडली आहे, तेव्हा तेच तेच मारून फरक पडत नसेल तर मात्रा वाढवू नका, गट बदला. द्राक्षवाले फ्रॅकचा क्रमांक (औषध बुरशीवर कसं काम करतं त्यावरून दिलेला गटाचा क्रमांक) बघून औषध निवडतात तसंच इथेही करावं: नाव वेगळं पण क्रमांक तोच, तर ते बदललेलं औषध नव्हे. मात्रा आणि मिसळणी लेबलवर असेल तीच. एका टाकीत चार औषधं ओतण्याची ‘कॉकटेल’ पद्धत पाकळीवर डाग पाडते आणि तो डाग पुन्हा रोग समजून पाचवं औषध येतं! फवारणी सकाळी इतकी लवकर करावी की संध्याकाळपूर्वी पान खडखडीत वाळेल. कळी रंग दाखवू लागली की पाण्यातली फवारणी शक्यतो टाळावी.

रात्री गंधकाची धुरी देणारे बर्नर भुरीवर चांगलं काम करतात. पण नीमतेल किंवा कोणतंही तेलकट औषध मारलं असेल तर दोन आठवडे गंधक नको, पानं भाजतात. बर्नर चालू असताना आत कोणी जाऊ नये, सकाळी हवा खेळल्यावरच मजूर आत सोडावेत. जास्त गंधकाने प्लास्टिकचं आयुष्यही कमी होतं, हे हिशेबात धरा. सुरुवातीच्या भुरीवर पोटॅशियम बायकार्बोनेट किंवा बॅसिलस सबटिलिस हा उपयुक्त जिवाणूही उपयोगी पडतो. रोग बेडभर पसरल्यावर त्यांच्यावर विसंबू नये.

ढोबळी मिरची आणि काकडीवाल्यांनाही पडद्यांचं वेळापत्रक हेच लागू. जरबेऱ्यात जुनी पाने काढून मधला गाभा मोकळा ठेवला की अर्धं काम होतं.

तोड सुरू झाली की लढाई कोल्ड स्टोअरमध्ये जाते. करडी बुरशी २ अंशांनाही हळूहळू वाढत राहते, थांबत नाही. थंड खोलीतून काढलेली फुलं उबदार ग्रेडिंग हॉलमध्ये ठेवली की पाकळ्यांवर घाम येतो आणि तशीच बॉक्समध्ये गेली तर परदेशातल्या बाजारात कुजलेली निघतात. ग्रेडिंगची जागा शक्य तितकी थंड ठेवा आणि ओली फुलं पॅक करू नका.

निर्यातीची तोड सुरू होण्याच्या आठवडाभर आधी एक चाचणी करून ठेवा. प्रत्येक बेडमधून वरून निरोगी दिसणारी पाच-सहा फुलं घ्या, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ओल्या कागदावर ठेवा, डब्यावर बेडचा नंबर लिहा आणि सावलीत खोलीच्या तापमानाला दोन-तीन दिवस राहू द्या. पाकळीत लपलेली लागण असेल तर ती इथे बाहेर येते. ज्या बेडच्या डब्यात ठिपके वाढले, त्या बेडचा माल विमानाने न पाठवता पुण्या-मुंबईच्या बाजारात द्या, तोही त्याच दिवशी.