अमेरिकेच्या लोकशाहीवर लिहिताय? आधी या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या सराव उत्तरपत्रिका तपासताना अमेरिकेचा प्रश्न आला की पहिल्या चार ओळींतच कळतं, पोराने पुस्तक वाचलंय की 'एका पानात अमेरिकन क्रांती' छापाची कुणीतरी पुढे ढकललेली पीडीएफ. त्या एका पानात 1776 पासून 1965 पर्यंत सगळं कोंबलेलं असतं. मग चुकाही वर्षानुवर्षं त्याच येतात, अगदी त्याच शब्दांत.

सगळ्यांना एकाच सभागृहात बसवणं

माझा सगळ्यात जास्त लाल पेन इथे संपतो. 'सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत' हे 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं. 'आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक' ही 1787 च्या राज्यघटनेची सुरुवात. आणि 'लोकांचं, लोकांनी चालवलेलं, लोकांसाठीचं' सरकार हे लिंकनचं, 19 नोव्हेंबर 1863, गेटिसबर्ग. तीन प्रसंग, मध्ये 87 वर्षं. पण आपल्याकडे ते लग्नातल्या ग्रुप फोटोसारखे स्टेजवर एकत्र उभे असतात.

एका वक्तृत्व स्पर्धेला मी परीक्षक होतो. एका मुलाने हात उंचावून सांगितलं, की 1787 साली राज्यघटना लिहिली जात असताना फिलाडेल्फियाच्या सभागृहात जेफरसन, म्हणजे 1776 चा जाहीरनामा लिहिणारे, उभे राहिले आणि गरजले, 'लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी!' टाळ्यांचा कडकडाट. आता, जेफरसन त्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात नव्हतेच. ते अमेरिकेचे राजदूत म्हणून पॅरिसमध्ये होते. पुढे दुसरे अध्यक्ष झालेले जॉन अ‍ॅडम्सही तसेच लंडनमध्ये. शिवाय जेफरसन आणि गरजणं यांचा फारसा संबंध नाही. भाषण करायचं त्यांच्या जिवावर यायचं. अध्यक्ष झाल्यावर काँग्रेसला द्यायचा वार्षिक संदेशही ते लेखी पाठवत. पण गुणपत्रिकेत 'आवेश' असा एक रकाना होता, माझ्या शेजारच्या परीक्षकांनी तो काठोकाठ भरला आणि पहिलं बक्षीस तिकडे गेलं. खाली उतरल्यावर मी मुलाला गाठलं. तो म्हणाला, "सर, पण भाव तर तोच आहे ना?"

नाही, भाव तोच नाही! 1776 चा कागद राजाशी नातं तोडण्यासाठी लिहिला होता. 1787 चा कागद सरकार चालवण्यासाठी होता, आणि दक्षिणेकडची संस्थानं सोबत राहावीत म्हणून त्यात गुलामगिरीशी तडजोड केली होती. लिंकनने गेटिसबर्गच्या भाषणात 87 वर्षं मागे मोजली, म्हणजे तो थेट 1776 वर जाऊन थांबला. 1787 वर थांबला नाही. माझ्या मते हे उगाच झालेलं नाही: समतेचं वचन जाहीरनाम्यात होतं, घटनेत नव्हतं. हा तिढा ज्याला दिसला त्याला अमेरिकेचा अर्धा इतिहास कळला, आणि 'भाव तोच' म्हणणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही.

माझी सवय सांगतो. अवतरण लिहिलं की समासात पेन्सिलने साल, गाव आणि तिथे कोण हजर होतं एवढं लिहायचं. यातलं एक जरी लिहिता आलं नाही, तरी अवतरणावर काट मारायची. दोन मार्क गेले तर जाऊ देत.

'चहा महागला म्हणून बोस्टनकरांनी तो समुद्रात फेकला'

उलट आहे. 1773 च्या चहा कायद्याने चहा स्वस्त होणार होता. ईस्ट इंडिया कंपनी (हो, आपलीच ती) कर्जात बुडाली होती, लंडनच्या गोदामांत चहा पडून होता. पार्लमेंटने तिला अमेरिकेतल्या वसाहतींत थेट माल पाठवायची मुभा दिली आणि इंग्लंडमधली जकात माफ केली. पण वसाहतींत पौंडामागे 3 पेन्सचा जुना कर तसाच ठेवला, आणि दुखणं तिथेच होतं. स्वस्त चहा मुकाट्याने प्यायचा म्हणजे, आमचा एकही प्रतिनिधी नसलेल्या पार्लमेंटला आमच्यावर कर लावायचा हक्क आहे, हे मान्य करायचं. शिवाय त्या करातून गव्हर्नरांचे पगार निघाले की ते स्थानिक सभागृहांना कशाला जुमानतील? चोरटा डच चहा विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय येत होता, हेही खरंच. 16 डिसेंबर 1773 च्या रात्री तीन जहाजांवरच्या 342 पेट्या पाण्यात गेल्या. आणि तो चहा चीनचा होता. आसामचे मळे 1830 नंतरचे. 'भारतीय चहा फेकला' असं लिहून उगाच अभिमान बाळगू नका.

तीन-पंचमांशाचा घोळ

'गुलामाला तीन-पंचमांश मत होतं.' गुलामाला शून्य मत होतं. संस्थानाला प्रतिनिधीगृहात जागा किती, हे ठरवताना 1 लाख गुलाम असतील तर 60 हजार माणसं धरायची, एवढाच घटनेतल्या तीन-पंचमांशाच्या कलमाचा अर्थ. गुलाम पूर्ण मोजा, असा आग्रह मालकांचा होता. अजिबात मोजू नका, असं उत्तरेतले विरोधक म्हणत होते. जागा वाढल्या की अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातली मतंही वाढत. पहिल्या पाच अध्यक्षांपैकी चार व्हर्जिनियाचे होते, हे लक्षात ठेवा. आकडा दिसला की तो कुणाच्या पथ्यावर पडतो ते आधी बघायचं, टक्केवारी मागाहून.

बाकीच्या झटपट

1776 च्या जाहीरनाम्यावर 4 जुलैला सगळ्यांनी रांगेत सह्या केल्या नाहीत. स्वातंत्र्याचा ठराव 2 जुलैला झाला, मजकूर 4 ला मंजूर झाला, बहुतेकांच्या सह्या 2 ऑगस्टच्या.

'पहिल्या दिवसापासून सर्वांना मताधिकार' लिहाल तर पान उलटून पुढे वाचणार नाही. काळ्या पुरुषांना कागदावर 1870, दक्षिणेत खऱ्या अर्थाने 1965 च्या मताधिकार कायद्यानंतर. स्त्रियांना देशभर 1920. सेनेटरसुद्धा थेट जनतेने निवडायची सक्ती 1913 ची.

लिंकनच्या 1 जानेवारी 1863 च्या मुक्तीच्या घोषणेने सगळे गुलाम मुक्त झाले नाहीत. ती बंडखोर भागापुरती होती. देशभर गुलामगिरी संपली ती 1865 च्या तेराव्या दुरुस्तीने.

शाळेच्या भिंतीवरचं लिंकनचं हेडमास्तरांना पत्र त्याच्या संग्रहित लेखनात कुठेही नाही. भिंतीवर राहू द्या, उत्तरात आणू नका.

आणि खास आपली चूक: 'जोतीरावांनी गुलामगिरी हे पुस्तक लिंकनला अर्पण केलं.' 1873 सालच्या त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना उद्देशून आहे, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष वृत्तीबद्दल. लिंकनला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. अर्पणपत्रिका पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे. तेवढी वाचायला पीडीएफ लागत नाही.